आडपट्टी नसलेला सुरा

कामठा,
११ ऑगस्ट २०२४

आचलबाई,

खुशाली शेवटी लिवतो, आधी सुऱ्याचं. काल टिंकूनं ट्रक रस्त्यावरच उभा केला, हॉर्न वाजवला अन् तुझा लिफाफा माझ्या हातात देऊन गेला. गोंदियाहून तांदूळ नागपूरले नेतो अन् येताना तुझी चिठ्ठी आनतो, गुनाचा पोरगा आहे. फोनवर तू सुरा दाखवला होता तेव्हा तो माझ्या अंगठ्याएवढा दिसला. म्या म्हनलं, याच्यानं तर भेंडी बी मरनार नाई. आता कागदावर जेवढा आहे तेवढा काढून पाठवला तर समजला. यापुढं असंच पाठवत जाय. जेवली का नाई, हे विचाराले फोन ठीक आहे.

तुझ्या चित्रावरून म्या पुठ्ठा कापला अन् तो पुठ्ठ्याचा सुरा घेऊन सैंपाकघरात उभी राहिली. समोर कोहळा होता. त्याच्यावर वार केले. तेवढ्यात शेजारची गुलाब विरजन मागाले आली अन् दारातूनच माघारी गेली. आता गावभर सांगत असन, सुलोचनाबाईच्या अंगात आलं म्हनून. सांगू दे.

गजब खुश आहे मी. तुझ्या आजोबाच्या भात्याची दोरी म्या सारा जनम ओढली, पन त्याच्या ऐरनीवर हातोडी मारली नाई कधी. आपल्या घरी बाई ऐरनीच्या इकडे, मानूस तिकडे. तू तिकडे गेली. अन् भुपेंद्रसेठच्या कारखान्यात एवढे मानसं असून त्यानं ज्या तिघांले सुरा बनवाले सांगतलं त्यात तुझं नाव! दसऱ्याले ज्याचा सुरा निवडला त्याचा ठसा पात्यावर, हे म्या दोनदा वाचलं. माझं वाचन हळू आहे, तरी दोनदा.

तुझ्या बापाले सांगतलं. लीलाधर म्हनते, "दसऱ्यापर्यंत पाहीन. तिचा सुरा निवडला तर तिची मर्जी. नाई तर सामान बांधून घरी, अन् ती ऐरन मोनू भंगारवाल्याले."

म्या म्हनलं, "ऐरन तुझ्या बापाची आहे."

"होती. आता पायाले ठेच लागाची आहे."

राइस मिलमधी बसून बसून त्याच्या डोस्क्यात कोंडा भरला. तू त्याच्याकडे पाहू नोको, सुऱ्याकडे पाय.

आता तुझं चित्र. सुंदर आहे, पन त्याचं लगन आहे का? पितळेची आडपट्टी, गोल गुळगुळीत मूठ, पातं आरशावानी. मूठ गोल ठेवू नोको बाई. तुझा आजोबा धान कापाच्या इळ्याची मूठ अंड्यावानी चपटी ठेवे. डोळे मिटून धरला तरी हाताले समजे, धार कोनत्या अंगाले आहे. अन् पानी कडक दे, दगडावर खनकला पाहिजे.

एक सांग, हा सुरा भांडन कोनाशी करनार?

इकडे सारे बरे. म्हैस बी बरी.

तुझी आजी


नागपूर,
२० ऑगस्ट

प्रिय आजी,

तुझा पुठ्ठ्याचा सुरा आणि कोहळ्याची लढाई मी कारखान्यात वाचून दाखवली. भुपेंद्रसेठ इतके हसले की चहा सांडला.

भांडण कोणाशी, हे तू बरोबर विचारलंस. मीही तिथूनच सुरुवात केली. हा सुरा फौजेतला माणूस, जंगल खात्याचा गार्ड, असे लोक पदरच्या पैशाने घेतील. शोकेसमध्ये ठेवायला नाही आणि आठवडी बाजारात टोपलीत मिळतो तसाही नाही, मधला. कमरेला वर्षानुवर्षे राहील आणि जन्मात एकदा उपसायची वेळ आली तर दगा देणार नाही. ती वेळ येऊच नये. पण बनवताना ती येणारच आहे असं समजून बनवायचं, असं सेठ म्हणतात.

मधल्या भावात सगळं बसत नाही, आजी. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यातच सगळी अक्कल आहे. लोखंड मी सोडणार नाही. कोहमारा गावातल्या गॅरेजमधून टिंकूने ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पट्टे आणून दिले, त्याच्यापेक्षा चांगलं पोलाद मला कुठे मिळणार? चकाकी सोडली. तेलात बुडवल्यावर पातं काळं होतं, तसंच काळं ठेवलं. पॉलिशचा वेळही वाचला आणि अंगावर चमकणारही नाही. लांबी कायद्यात बसेल एवढीच. मूठ धावड्याच्या लाकडाची, तू म्हणालीस तशी अंड्यासारखी. मी डोळे मिटून पाहिलं. खरंच हाताला कळते!

पण पाणी मात्र तुझं ऐकणार नाही. इळा धानाची काडी कापतो, हा सुरा आडवातिडवा अडकणार, मुरगळला जाणार. खणखणीत कडक केला तर काचेसारखा तुटेल. मी एक तुकडा मुद्दाम तुझ्या सांगण्याप्रमाणे कडक करून शिकंज्यात वाकवला. दोन तुकडे झाले. पाकिटात टाकते, पाहा. मी पाणी दिल्यावर परत तापवून थोडा नरम करते.

राहिली आडपट्टी, मूठ आणि पात्याच्या मधली, हात पुढे सरकू नये म्हणून असते ती. पितळेची लावली तर सुरा मधल्या भावात राहत नाही. काढून टाकावी असं वाटून राहिलं. तुझं काय म्हणणं?

शेजारच्या ऐरणीवरचा भोजराज म्हणतो, "बाईच्या हातचा सुरा, कांदे मस्त कापन." मी काही बोलत नाही. दसऱ्याला बोलेन.

तुझी
आचल


कामठा,
३ सप्टेंबर

आचलबाई,

तुटलेला तुकडा पाहिला. बराबर आहे तुझं. म्या त्याले देवाजवळ ठेवला आहे, माझं तोंड बंद कराले.

काल पोळा झाला, आज मारबत. सकाळी सारे पोट्टे मारबतीचा पुतळा घेऊन ओरडत गावाबाहेर गेले, घेऊन जाय गे मारबत, म्हनून. खोकला, खरूज, डास, सारं तिच्यासोबत लावून देलं. म्या बी ओरडली, भोजराजची जीभ घेऊन जाय गे मारबत! लोक म्हने, कोन भोजराज? म्या म्हनलं, तुमाले काय कराचं.

आता आडपट्टी. काढून टाक. खुशाल काढ. तुझ्या आजोबानं एवढे इळे बनवले, साऱ्या पंचक्रोशीत त्याच्याच हाताचे. कोनत्या इळ्याले आडपट्टी होती? बाया चिखलात उभ्या राहून दिवसभर कापत, हात ओले, कधी कोनाची मूठ सुटली नाई. मूठ चांगली असली म्हनजे झालं. पितळ कायले पाह्यजे? नथ घालाची आहे का सुऱ्याले?

टिंकूसंग लाख पाठवली आहे, पळसाची. मुठीच्या भोकात वितळवून भरजो, मग पाह्य कशी घट्ट बसते ते.

लीलाधर जेवताना विचारत होता, झाला का तिचा सुरा? म्या सांगतलं, झाल्यासारखाच आहे.

तुझी आजी


नागपूर,
१४ सप्टेंबर

आजी,

लाख मिळाली. मस्त बसली, पण उन्हाळ्यात कमरेवर तापून नरम होईल म्हणून सोबत दोन खिळेही ठोकले. सुरा झाला. सेठ मुंबईला गेले आहेत. थोडं काम बाकी आहे. काळजी करू नको.

आचल


कामठा,
१९ सप्टेंबर

आचलबाई,

एवढीशी चिठ्ठी? अन् अक्षर माझ्यासारखं काऊन झालं? एक रेघ वर, एक खाली. म्या तर दुसरीतून उठली, तू डिप्लोमा केला. ट्रकमधी बसून लिवली का? का कोनी सामोर बसला होता अन् लक्ष त्याच्याकडे होतं? असन तर सांगून दे, मी काही तुझ्या बापाले सांगत नाई. फक्त जात-धरम सोड, तो भात्याची दोरी ओढते का ते पाह्य.

(इथपर्यंत लिवलं होतं. आता पुढचं.)

टिंकू आला. चहा देल्ला. इकडचं तिकडचं बोलला, मग म्हने, "आजी, तिच्या हाताचे टाके निघाले का?"

मी म्हनलं, "कोनते टाके?"

त्यानं चहा खाली ठेवला अन् ट्रककडे पळाले लागला. म्या शर्ट धरला त्याचा. सारं काढलं त्याच्याकडून. उजवा तळवा, अन् बोट. म्हनून डाव्या हातानं लिवलं तू.

रडत नाई मी. तुझ्यावर रागावत बी नाई. एक काम केलं, ते आईक. कोंड्याचं पोतं उभं केलं, हाताले करडीचं तेल लावलं, अन् भाजी हलवाचा लाकडाचा सराटा सुऱ्यासारखा धरून जोरानं पोत्यात खुपसला. हात सरकून सराट्याच्या पुढं गेला! मग तोच सराटा इळ्यासारखा धरून स्वतःकडे ओढला. हात जिथल्या तिथं. परत खुपसला. परत सरकला. गुलाब दारात उभी होती, ती बसूनच गेली खाली.

समजलं का तुले? आपन ओढनारी मानसं. इळा ओढाचा, पावशीच्या पात्यावर भाजी ओढाची, भात्याची दोरी बी ओढाची. ओढताना हात धारेपासून दूर जाते. तुझा सुरा ढकलाचा आहे. ढकलताना हात धारेकडे जाते. आपल्या साऱ्या घरानं कधी ढकलाची वस्तू बनवलीच नाई, तर मले कुठून समजनार, अन् तुले बी कुठून.

आता समजलं ना? मग बनव. तो हात कापनारा सुरा फेकू नोको, मले लागन तो.

तुझी आजी


नागपूर,
२५ सप्टेंबर

आजी,

टिंकूला मी शपथ घातली होती. त्याची शपथ म्हणजे चाळणीतलं पाणी.

हो, खुपसतानाच झालं. सेठची परीक्षा तीच असते, तेल लावलेला हात आणि रेतीचं पोतं. म्हटलं आधी आपणच करून पाहावं. पात्याला काही झालं नाही. माझा हात मात्र मुठीवरून पुढे गेला. भोजराजनेच दवाखान्यात नेलं. वाटेत एकदाही कांद्याचं नाव काढलं नाही त्याने.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ओढायचं-ढकलायचं हे खडूने भट्टीच्या भिंतीवर लिहिलं. मग तीन दिवस चित्रं काढली, डाव्या हाताने. पितळ अजूनही परवडत नाही, पण पितळ लागतच नाही, आजी. कमानीचं लोखंड जाड असते. पात्याच्या बुडाशी ते रुंद सोडायचं आणि तापवून खाली एक शिंग काढायचं, बोट त्याच्यामागे अडेल असं. वेगळी आडपट्टी नाही, जोड नाही, सैल होणार नाही. जो खर्च आहे तो घामाचा. वरच्या अंगालाही थोडं उचलून ठेवते, अंगठा टेकायला. चित्र सोबत आहे, खऱ्या मापाचं. पुठ्ठा काप आणि तेलाच्या हाताने करून पाहा.

अडचण एकच. एवढं जाड लोखंड माझ्या हातोडीने हलणार नाही. घन पाहिजे. मशीनचा घन सेठ वापरू देत नाहीत, सुरा हाताचाच पाहिजे. घनावर दुसरा माणूस चालतो, सांडशी आणि छोटी हातोडी मात्र बनवणाऱ्याची. इथे दसऱ्यापर्यंत ज्याला त्याला आपापलं काम आहे. मी हातोडीची टिचकी मारून घाव कुठे पडावा ते दाखवू शकते, टाके निघाले. घन उचलता येत नाही.

पण मी सोडणार नाही. घन उचलणारा मिळाला नाही तर थोडं थोडं तापवून डाव्या हाताने मारीन. बाबांना मात्र यातलं काही सांगू नको.

आचल


कामठा,
३० सप्टेंबर

आचलबाई,

हे पत्र टिंकूसंग पुढं लावून देतो, तुझा बाप मागच्या बसनं येऊन राहिला. टिंकू वाचलं नाई म्हनून शपथ घेईन, म्हनजे वाचलं समज. टिंकू, वाचत असशीन तर वाच, म्हातारीले काही फरक पडत नाई.

म्या तुझ्या बापाले सारं सांगतलं. तू नोको म्हनली होती, तरी सांगतलं. तो उठून उभाच झाला. म्हने, "हात कापला? मी आजच आनतो तिले घरी." म्या म्हनलं, "जाय. घेऊन ये." मग त्याच्यासाठी पिशवी भरली. तो समजून राहिला चिवडा आहे. वर चिवडाच आहे. खाली आजोबाची मोठी सांडशी आहे, जाड लोखंड धराची. जड काऊन लागते म्हने. म्या म्हनलं, शेंगदाने जास्त टाकले.

एक गोष्ट तुले माहीत नाई. तुझा बाप मिसरूड फुटाच्या आधीपासून आजोबाच्या सामोर घन मारे. मस्त मारे. आजोबा गेला त्या सालापासून हात लावला नाई. मले कधी बोलला नाई काऊन, म्या बी विचारलं नाई.

त्याले समजावू नोको. रडू नोको. लोखंड लाल करून ठेव अन् दारात आला की दाखव. लाल लोखंड पाहून लोहाराचा पोरगा गप उभा राहूच शकत नाई.

नवा पुठ्ठा कापला. तेल लावून खुपसला. बोट शिंगामागं अडकलं. पुठ्ठा दुमडला, हात नाई सरकला!

आजी


नागपूर,
१३ ऑक्टोबर

आजी,

आता उजव्या हाताने लिहिते आहे, अक्षर पाहा.

बाबा दारात आले तेव्हा मी लोखंड लाल करूनच बसली होती. म्हणाले, "सामान कुठाय तुझं?" मी सांडशीतला पट्टा वर धरला. ते म्हणाले, "थंड होऊन राहिलं ना ते." पिशवी खाली ठेवली, ती वाजली. आत पाहिलं, आजोबांची सांडशी काढली, तुझ्या नावाने काहीतरी पुटपुटले आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

पहिले दोन घाव भलतीकडेच पडले. मी हातोडीने टिचकी मारायची ते वेगळ्या जागी आणि बाबांना वाटे घाव दुसरीकडे पाहिजे. मी म्हटलं, "बाबा, मी दाखवते तिथं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, घाम पुसला आणि म्हणाले, "हाव, मास्तर."

त्यानंतर एकही घाव चुकला नाही. टिच, आणि धम्म. टिच, आणि धम्म. शिंग निघताना एकदा त्याच्या मुळाशी चीर पडली. मी तो तुकडा टाकून दिला, बाबा म्हणाले चालून जाईल, मी म्हटलं नाही चालणार. पुन्हा नवा पट्टा तापवला. बाबा कुरकुरले, पण घन उचलला. रोज रात्री माझ्या खोलीवर झोपले आणि तुझा चिवडा संपवला.

काल दसरा. पूजा झाल्यावर सेठनी हाताला तेल लावलं. एकाचा सुरा दिसायला सगळ्यांत देखणा, पितळेचा, पण भाव ऐकून सेठनी बाजूला ठेवला. भोजराजचा चांगला होता, खुपसताना टोक थोडं वाकलं. मग माझा घेतला. अंगातल्या सगळ्या जोरानं पोत्यात मारला. शिंगापर्यंत आत गेला. सेठनी मूठ सोडली आणि आधी पातं नाही, स्वतःचा तळवा पाहिला. मग डोळे मिटून सुरा हातात फिरवला, धार बरोबर खिडकीकडे वळवली, आणि म्हणाले, "बेटा, ये चलेगा. अंधेरे में भी चलेगा."

ऑर्डर निघणार आहे. पात्यावर माझा ठसा! भोजराजने पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, कांदे पण कापते बरं.

बाबा उद्या टिंकूबरोबर येतील. घरी चल म्हणाले नाहीत. सामान बांधताना एवढंच म्हणाले, "टिचकी जरा जोरात मारत जाय, म्हातारा झालो, ऐकू कमी येते." आडपट्टी नसलेला तो पहिला सुरा त्यांच्याजवळ देते आहे, तू मागितला होतास.

आता तूच सांग, ठसा कोणता करू? आजोबांचा धानाच्या लोंबीचा होता, तोच घेऊ का?

तुझी
आचल


कामठा,
२४ ऑक्टोबर

आचलबाई,

तुझं पत्र गुलाबले वाचून दाखवलं, मग दूधवाल्याले, मग पोस्टमन आला त्याले. तो म्हने आजी, माझ्या हातानं आलं असतं तर मिठाई मले भेटली असती. म्या त्याले बी देल्ली.

मोनू हातगाडी घेऊन आला होता, ऐरन न्याले. दसऱ्यानंतर ये म्हनून लीलाधरनंच सांगतलं होतं. लीलाधर आंगनात ऐरनीवर बसून चहा पीत होता. मोनू म्हने, "उठा भाऊ, तोलू." लीलाधर म्हने, "बसाले जागा नाई घरात, हे एकच आहे." उठलाच नाई. मोनूनं शेवटी फुटका पंखा नेला.

तुझा तो पहिला सुरा म्या लीलाधरच्या सामोर ठेवला. म्या म्हनलं, पातं चांगलं आहे, पोलाद चांगलं आहे, फक्त ढकलाच्या कामाचं नाई. ओढाच्या कामाचं कर. त्यानं भट्टी पेटवली, म्या भाता ओढला, दोरी जुनी होती ती तुटली, लुगड्याची किनार बांधली. तापवून वाकवला त्याले. मी सांडशी धरतो म्हनली तर म्हने, "तू तिकडे कायले येतं?" म्या म्हनलं, "माझी नात तिकडेच उभी राहते." मग धरू देल्ली. टिचक्या बी म्याच मारल्या. त्यानं कुठं ऐकल्या, कुठं नाई, पन इळा झाला.

खालच्या बांधीतला हलका धान पिकला आहे. काल सकाळी त्याच इळ्यानं पयली मूठ कापली. तुझ्याच हाताची मूठ आहे त्याले, अंड्यावानी, लाखेनं परत बसवलेली. स्वतःकडे ओढला तर असा चालला बाई, जसा तो पयल्यापासून इळाच होता अन् उगाच नागपूरले जाऊन आला.

आता ठशाचं. मले विचारू नोको. माझं आईकून एकदा हात कापून घेतला, तेवढं पुरे. आजोबाची लोंबी आजोबाची होती. तुझा तू कर.

फक्त दिवाळीले येशीन तर तो ठसा संग आनजो. लीलाधरनं इळ्याच्या पाठीवर बोटभर जागा सपाट घासून ठेवली आहे. मले सांगतलं नाई कायले, म्या बी विचारलं नाई.

तुझी आजी